आबांचा तोल आणि अण्णांचा बांध

आमच्या आबांना सरळ रेषेत चालायचा व्यायाम सांगितला आणि त्यामुळं आमच्या भावकीत जमिनीची मोजणी लागली.

हे मी कुणालाही सांगितलं की तो आधी माझ्याकडं बघतो, मग वैशालीकडं. वैशाली म्हणजे माझी बायको. ती शांतपणे म्हणते, "खरं आहे. आणि सगळं ह्यांनी केलंय." तेही खरं आहे.

न्हावऱ्याच्या पुढं, दौंडकडं जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमची वस्ती आहे. आबा माझे वडील, वय पंच्याहत्तर. अण्णा त्यांचे धाकटे भाऊ, नुकतीच सत्तरी ओलांडलेले. दोघांच्या वाटण्या मी शाळेत असताना झाल्या. तेव्हापासून मधे एक बांध आहे. अलीकडं आमचा ऊस, पलीकडं त्यांचा कांदा, विहीर दोघांत. इतक्या वर्षांत त्या बांधावरून एक शब्द वाजलेला नाही. आमच्याकडं ही गोष्ट लग्न जमवताना मुद्दाम सांगतात. मुलगी शिकलेली आहे, मुलाला नोकरी आहे, आणि बांधाचं भांडण नाही.

मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथं वीस वर्षं काढल्यामुळं मला एक खोड लागली आहे. कुठलीच गोष्ट साधी राहू द्यायची नाही, तिला पद्धत लावायची. आमच्या माठावरसुद्धा पाणी भरल्याची तारीख चिकटवलेली असते. (वैशाली म्हणते, एक दिवस माझ्या कपाळावरही चिकटवाल.)

तर एका सकाळी आबा धार काढून उठले आणि गोठा फिरायला लागला. निदान त्यांना तसं वाटलं. त्यांनी आधाराला हात टाकला तो म्हशीच्या शिंगांवर. म्हैस समजूतदार, जागची हलली नाही, पण बादली कलंडली. आवाज ऐकून मी धावत गेलो, तर आबा दोन्ही शिंगं धरून, डोळे मिटून उभे, आणि म्हैस त्यांच्या तोंडाकडं बघतेय.

"काय झालं, आबा?"

"काय न्हाई. हिला जरा बघत हुतो."

"डोळे मिटून?"

"तू बादली उचल आधी."

दोन दिवसांनी अंथरुणात कूस बदलताना पुन्हा तसंच झालं. या वेळी म्हैस जवळ नव्हती, म्हणून त्यांनी कपाटाचं दार धरलं, ते दार हातात आलं. मग मात्र त्यांना गाडीत घालून शिरूरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मेंदूबिंदूचं काही नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो, तो बिघडलाय. त्यांनी आबांना आडवं करून मान ठरावीक दिशांना फिरवली. भिंती फिरायच्या थांबल्या, पण चालताना झोकांड्या राहिल्याच. त्यासाठी डॉक्टरांनी आम्हाला फिजिओथेरपीच्या मॅडमकडं पाठवलं.

"आता मला चालायला शिकवणार व्हय?" आबांचं पायऱ्या चढतानाच बिनसलं. "दुखणं कानाचं, आन् व्यायाम पायाला?"

मॅडम तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी आबांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "आबा, तोल तिघं मिळून सांभाळतात. कान, डोळे आणि पाय. तुमच्या कानानं सध्या काम टाळलंय. डोळ्यांना आणि पायांना आपण त्याचं काम शिकवू. कानही हळूहळू सुधारेल."

आबांनी विचार केला. "म्हंजी पाण्याच्या पाळीला एक गडी आला न्हाई, तर बाकीच्यांनी दारं धरायची."

"अगदी तसंच."

तिथून पुढं मॅडम सांगतील ते आबांना मान्य. पहिला व्यायाम अंगठ्याचा. हात समोर लांब करायचा, अंगठा वर करायचा, नजर नखावर रोखायची. नजर हलू द्यायची नाही, आणि मान मात्र 'नाही, नाही' म्हटल्यासारखी हलवायची, वीस वेळा. मग 'हो, हो' म्हटल्यासारखी, वीस वेळा. दुसरा व्यायाम उशीवर दोन्ही पाय जुळवून उभं राहायचा. तिसरा चालायचा, म्हणजे एका पायाच्या बोटांपुढं दुसऱ्याची टाच टेकवत, भिंतीच्या कडेनं. सुरुवातीला थोडं गरगरेल, घाबरायचं नाही. फार वाटलं तर बसायचं. आणि शेजारी एक माणूस कायम हवा.

"वेळ चुकवू नका," मॅडम म्हणाल्या. "कुठंही असा, काहीही चाललेलं असो."

हे वाक्य आबांनी किती मनावर घेतलं, ते पुढं येईलच.

परत येताना आबा बराच वेळ बाहेर बघत होते. न्हावऱ्याचा फाटा आला तेव्हा म्हणाले, "संजू, अण्णाला यातलं कळू द्यायचं न्हाई."

"का? भाऊच आहेत की."

"माणसाला धरून चालवाया लागले का लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलाया लागत्यात. जणू ऐकू बी येत न्हाई. आन् अण्णा धाकटा हाय. त्यानं मला धरायचं, ते मला बघायचं न्हाई."

आबांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

घरी आल्यावर मी कामाला लागलो. आबांच्या मोबाइलमधे चार गजर लावले. सात, अकरा, चार आणि संध्याकाळी सात. आवाज कोंबडा आरवल्याचा निवडला, म्हणजे त्यांना ओळखीचा वाटेल. पहिल्याच दिवशी त्या कोंबड्याला आमच्या खऱ्या कोंबड्यानं उत्तर दिलं आणि अकरा वाजता दोघांची जुगलबंदी झाली. आबा तेवढ्यातही अंगठा धरून उभे.

पंधरा दिवसांत फरक पडला. आबा उशीवर न डगमगता उभे राहायला लागले. स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत भिंतीला हात न लावता यायला लागले. पुन्हा शिरूरला गेलो तेव्हा मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "आता बाहेर, मोकळ्या सपाट जमिनीवर. दहा मीटर सरळ जायचं, परत यायचं. पायाकडं बघायचं नाही. समोर लांब काहीतरी ठरवायचं आणि नजर त्यावर ठेवायची."

आता आमच्या अंगणात दहा मीटर सरळ जागा नाही. मधे म्हशीची दावण, तुळस, कोंबड्यांचं खुराडं आणि मी आणून ठेवलेल्या विटा. (या विटा कशासाठी आहेत हे वैशाली तीन वर्षं विचारते आहे.) सरळ आणि टणक अशी एकच जागा होती. आमचा बांध. चार फूट रुंद, पाऊलवाटेनं घट्ट झालेला. शिवाय योगही जुळून आला. अण्णा आठ दिवसांसाठी दौंडला, लेकीकडं गेले होते.

"बरं झालं," आबा म्हणाले. "अण्णा यायच्या आत उरकून घिऊ."

मी त्या बांधावर जे केलं ते आता क्रमानं सांगतो. दहा मीटर म्हणजे नक्की किती ते कळावं म्हणून टेप आणला. सुरुवातीला आणि शेवटाला खुंट्या ठोकल्या. नजर लावायला समोर एक बांबू रोवला आणि त्याला लाल फडकं बांधलं. परत येताना बघायला काही नाही म्हणून दुसऱ्या टोकालाही तसंच निशाण लावलं. आणि चालायची रेघ स्पष्ट दिसावी म्हणून दोन्ही खुंट्यांच्या मधे पांढरी फक्की ओढली.

"अहो," वैशाली म्हणाली, "सरळ चाला म्हटलंय. फक्की कशाला?"

"रेघ असली की माणूस चुकत नाही."

"बांधावर फक्की बरी दिसत नाही."

"तुला काय कळतंय?"

(हे तीन शब्द ती मला अजून, साधारण आठवड्यातून एकदा, परत ऐकवते.)

रोज सकाळी आम्ही तिघं बांधावर जायचो. आबा टाचेला बोटं लावत, लाल निशाणावर नजर रोखून चालायचे. मी शेजारून, हात त्यांच्या पाठीमागं तयार ठेवून, मोठ्यानं मोजायचो. "एक, दोन, तीन, चार." वैशाली वहीत लिहायची. किती पावलं, कुठं थांबले, किती वेळा तोल गेला. आबा मधूनच कुरकुरायचे, "संजू, मी सरळ चाललो का रेघ सुटती, आन् रेघंवर चाललो का वाकडं वाटतंय." मी त्यांना समजावायचो, "तो कानाचा दोष आहे, आबा. तुम्ही रेघेवर विश्वास ठेवा."

हे सगळं लांबून कसं दिसत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. अण्णा दौंडला असले तरी काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, घरीच होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लांबचं ठळक असेल तेवढंच दिसतं. आणि बांधावर ठळक काय होतं? पांढरी रेघ, दोन लाल निशाणं, खुंट्या, टेप, वही धरलेली सून, मोठ्यानं आकडे मोजणारा पुतण्या आणि पावलाला पाऊल लावून बांध मोजत चाललेला थोरला दीर. तेही नेमकं नवरा गावाला गेल्यावर.

तिसऱ्या दिवशी मला कारखान्यात फोन आला. अण्णा होते.

"संज्या, बांधावर काय चाललंय?"

मला वाटलं, काकूंनी आबांच्या चकरेचं सांगितलं. आता लपवून काय उपयोग?

"कळलंच म्हणायचं तुम्हाला, अण्णा. आबा म्हणत होते, अण्णाला कळू द्यायचं न्हाई."

"आसं म्हणत हुता दादा?"

"हो. म्हणाले, तुम्ही यायच्या आत उरकून घेऊ."

"बरं. कुठवर आलंय?"

"झकास चाललंय. सध्या दहा मीटर. पण इथं थांबायचं नाही, हळूहळू विहिरीपर्यंत न्यायचं."

"इहिरीपर्यंत?"

"हो. मॅडम म्हणाल्या, एकदम नको, रोज थोडं थोडं पुढं सरका."

"कोण मॅडम?"

"शिरूरच्या. यातल्या तज्ज्ञ आहेत. सगळं कागदावर लिहून दिलंय."

"कागद बी केला?"

"तर. आबांनी सही पण केली."

(सही आबांनी दवाखान्याच्या फॉर्मवर केली होती. पण हे मी बोललो नाही, कारण कुणी विचारलं नाही.)

"आन् दादा काय म्हणतोय?"

"आबा म्हणतात, आता मागं हटायचं नाही. अण्णा, तुम्ही काळजी करू नका. सगळं झाल्यावर तुम्हाला सांगणारच होतो."

"न्हाई न्हाई," अण्णा अगदी हळू आवाजात म्हणाले, "झाल्यावर कशाला? मी उद्याच येतो."

संध्याकाळी मी आनंदानं घरी सांगितलं, की अण्णांना सगळं कळलंय आणि ते काळजीनं उद्याच येताहेत. वैशाली भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"तुम्ही त्यांना नक्की काय सांगितलंत? शब्दाला शब्द सांगा."

मी सांगितलं. सांगता सांगता 'विहिरीपर्यंत' या शब्दापाशी आलो आणि माझा आवाज आपोआप बारीक झाला. तव्यावरची भाकरी करपली, तरी दोघांनाही कळलं नाही.

"'चक्कर' हा शब्द एकदा तरी उच्चारलात का?"

मी आठवून बघितलं. नव्हता उच्चारला.

मी अण्णांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बंद. तोवर आबा पडवीतून आत आले. सगळं ऐकून ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. खाटेच्या कडेवर बसले.

"मी बांध सरकावतोय, आसं वाटलं त्याला?"

"आबा, काकूंना लांबून..."

"तिला दिसत न्हाई, मला म्हाईत हाय. ह्याला काय झालं? वाटणीच्या वख्ताला चांगली जमीन मी त्याच्याकडं जाऊ दिली. ह्यो इच्यारायचं सोडून फोन बंद करतो? येऊ दे. मोजू दे त्याला."

"नुसतं चकरेचं सांगून टाकू की."

"एक शब्द काढायचा न्हाई. शपथ हाय तुला माझी."

असा मी दोन्ही बाजूंनी बांधला गेलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि उजाडल्याबरोबर बांधावर गेलो. निदान फक्की तरी पुसून टाकावी, म्हणजे प्रकरण निम्मं मिटेल. खराट्यानं झाडली, तर ती जमिनीत बसली होती. मग मला पद्धत सुचली. दोन घागरी पाणी ओतून खसाखसा घासली. फक्की म्हणजे शेवटी चुनाच. तो भिजला, पसरला, आणि ऊन लागल्यावर असा काही पांढराशुभ्र उमटला, की आधी बोटभर असलेली रेघ आता वीतभर झाली. ती न्हावऱ्याच्या फाट्यावरूनही दिसली असती.

मी खराटा घेऊन वाकलेलो असतानाच मागून आवाज आला.

"पुरावा मिटवतोस व्हय रं?"

अण्णा. त्यांच्याबरोबर दौंडहून आणलेला खाजगी मोजणीवाला, डोक्यावर टोपी, खांद्यावर तिपाई. आणि मागं भावकीतली चार माणसं, जी बांधाचं काही निघालं की न बोलावता येतात.

मोजणी सुरू झाली. आबा बांधाच्या आमच्या बाजूला उभे, धोतर नीट, टोपी नीट, चेहरा दगडाचा. अण्णा त्यांच्या बाजूला, कांद्याच्या वाफ्यात. मधे दहा-बारा फुटांचं अंतर. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. मोजणीवाल्यानं तिपाईवर यंत्र बसवलं, जुना नकाशा पसरला आणि रीतीप्रमाणं विचारलं, "थोरल्यांनी सांगा. ही मोजणी तुम्हाला मान्य आहे ना?"

त्याच क्षणी आबांच्या खिशात कोंबडा आरवला. अकरा वाजले होते.

कुठंही असा, काहीही चाललेलं असो. आबांनी ताठ हात समोर केला, अंगठा वर केला आणि नजर रोखली. अंगठ्याच्या बरोब्बर मागं अण्णांचं तोंड होतं. आणि आबा मान हलवायला लागले. नाही, नाही, नाही, नाही.

भर भावकीत थोरल्या भावानं धाकट्याला अंगठा दाखवला होता, आणि वर डोळे रोखून नकारही देत होता.

"मान्य नाही?" मोजणीवाला म्हणाला.

आबा बोलले नाहीत. मोजताना बोलायचं नाही, हा मॅडमचा नियम. वीस झाले. मग मान वर-खाली. हो, हो, हो.

"म्हणजे मान्य आहे?" मोजणीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी वैशालीकडं बघितलं. वैशालीनं पदर तोंडात कोंबला होता.

"दादा, मला अंगठा दावतोस?" अण्णांचा आवाज चिरकला. "आन् वर चेष्टा करतोस?"

ते तरातरा निघाले. वाफ्यातून बांधावर चढायला त्यांनी पाऊल टाकलं, मान झटक्यात वर केली, आणि तिथंच थबकले. चेहरा पांढरा पडला. एक हात हवेत चाचपडला, तो यंत्राच्या तिपाईवर पडला. तिपाई कलली. मोजणीवाल्यानं झेप घेतली, पण अण्णांकडं नाही, यंत्राकडं. मी हलायच्या आत माझ्या शेजारून कुणीतरी गेलं.

आबा गेले होते. त्या पांढऱ्या रेघेवरून, सरळ, कुणाचाही आधार न घेता. त्यांनी अण्णांना दोन्ही दंडांना धरलं आणि हळूच बांधावर बसवलं.

"डोळं मिटू नगंस. माझ्या नाकाकडं बघ. नजर हलवू नगंस. आत्ता थांबंल."

अण्णा त्यांच्या नाकाकडं बघत राहिले. मिनिटभरानं त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"दादा, तुला कसं म्हाईत?"

"तुला कवापासनं हाय हे?" आबांनी उलट विचारलं.

"दिवाळीपासनं."

"सांगितलं का न्हाईस?"

"तुला कसं सांगू? तू इतका ताठ. म्हणलं, दादा म्हणंल, अण्णा म्हातारा झाला." अण्णांनी मान खाली घातली. "दौंडला मी लेकीला भेटाया गेलोच न्हवतो. तिनं डॉक्टरकडं दावाया बोलावलं हुतं. तवर हिचा फोन आला, बांधावर निशाणं लागली म्हणून."

आबा त्यांच्या शेजारी खाली बसले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सांग रं आता. शपथ सोडली."

मी सगळं सांगितलं. म्हैस, कपाटाचं दार, मॅडम, टेप, फक्की, फोन. भावकीतली चार माणसं आधी हसायला लागली. मग अण्णा. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "दादा, मी तुझ्यावर आळ घेतला."

"घेतलास."

"मग आता?"

"आता हात म्होरं कर. अंगठा वर. नजर नखावर."

तिथंच, बांधावर बसून, आबांनी अण्णांना पहिला व्यायाम शिकवला. दोघं समोरासमोर, अंगठे ताणून, एकमेकांना नकार देत. नेमक्या त्याच वेळी काकूंनी चहा आणला. त्यांना लांबून तेवढंच ठळक दिसलं. त्या किटली खाली टाकून पळत आल्या आणि दोघांच्या मधे पडल्या. "आवं, झालं तेवढं पुरं झालं. या वयात अंगठं दावून भांडू नगा." त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला, आणि चहा दुसरा करावा लागला.

मोजणीवाल्यानं तेवढ्यात काम संपवलं होतं. इतक्या लांब आलोच आहे तर पुरं करतो, म्हणाला. बांध जागच्या जागी होता, एका बोटाचाही फरक नव्हता. दोघा भावांनी ते ऐकलंही नाही. मग त्यानं नकाशाची घडी केली आणि विचारलं, "पण ही पांढरी रेघ कुणी मारलीय?"

"मी," मी म्हणालो.

"ही बांधाशी समांतर नाही. वरच्या खुंटीपासून खालच्या खुंटीपर्यंत कांद्याकडं दीड फूट गेलीय. अजून थोडी वाढवली असती तर सरळ वाफ्यात उतरली असती."

आबांनी वळून माझ्याकडं बघितलं. "तरीच. म्हणलं, माझं पाय बरोबर वाटत्यात आन् ह्यो पोरगा कानाला दोष का देतोय."

पुढच्या आठवड्यात मी दोघांना घेऊन शिरूरला गेलो. मागच्या सीटवर दोघं शेजारी बसून, कुणाला जास्त गरगरतं, यावर वाद घालत होते. मॅडमना मी सगळी हकीकत मोठ्या उत्साहानं सांगितली. मला वाटलं, त्या हसतील.

"बांधावर?" त्या म्हणाल्या. "मी मोकळी सपाट जमीन म्हटलं होतं. दोन्हीकडं उतार असलेल्या जागेवर चक्कर येणाऱ्या माणसाला चालवलंत?"

मी म्हणालो, दहा मीटर बरोबर मोजले होते.

त्यांनी अण्णांना नीट तपासलं. त्यांचंही दुखणं तेच निघालं, पण आबांपेक्षा सौम्य. (हे ऐकून अण्णांना थोडं वाईट वाटलेलं मी बघितलं.) मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "घरी या दोघांच्या शेजारी कोण उभं राहणार?"

"मी आहे की."

"मग उभे राहा. एका पायावर. बघू."

मी पँट जरा वर ओढली आणि रुबाबात उजवा पाय उचलला. पहिले दोन सेकंद उत्तम गेले. तिसऱ्याला घोटा थरथरायला लागला. चौथ्याला मी दोन्ही हात पसरले. पाचव्याला खोली एका बाजूला निघाली, आणि सहाव्याला मला आबांनी डाव्या दंडाला आणि अण्णांनी उजव्या दंडाला धरलं होतं.

"ह्याच्या बी कानात बिघाड हाय का?" आबांनी काळजीनं विचारलं.

"कान ठीक आहे," मॅडम कागदावर लिहीत म्हणाल्या. "यांनी वीस वर्षांत खुर्ची सोडलेली नाही, एवढंच."

तेव्हापासून विटा हलवून अंगण मोकळं केलंय आणि रोज सकाळी तिथं आम्ही तिघं असतो. फक्की नाही, निशाणं नाहीत. वही अजून वैशालीकडं आहे. एका पायावर आबा तीस सेकंद उभे राहतात, अण्णा अठरा, आणि मी, दिवस चांगला असेल तर, अकरा. परवा आम्ही ओळीनं टाचेला बोटं लावत चाललो होतो. पुढं आबा, मागं अण्णा आणि मधे मी, अण्णांचे हात माझ्या पाठीशी तयार. दूध घालायला निघालेल्या एकानं मोटरसायकल थांबवून विचारलं, "आबा, सकाळी सकाळी काय चाललंय?"

"काय न्हाई," आबा नजर न हलवता म्हणाले. "पोरगा पन्नाशीला आला, त्याला चालाया शिकवतोय."